पंखा तर फिरायलाय की

पाथरीत गाडी तापली तर इलाज सांगणाऱ्यांची टंचाई पडत नाही. पावसाची पडते, नळाच्या पाण्याची पडते, सल्ल्याची कधी पडलेली मला आठवत नाही. बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला नुसतं उभं राहायचं. पहिला येतो तो म्हणतो, पाणी टाका. दुसरा म्हणतो, खबरदार, हेड तडकंल. तिसरा काहीच न बोलता रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो आणि आपल्याला त्याचा हात धरावा लागतो. हे मी गावाचं कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. तुमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची डिझेल गाडी असेल, तर चहा सांगा आणि प्रकरण पहिल्यापासून ऐका. माझ्यावर जो अन्याय झाला तो तुमच्यावरही झालेला असणार. तुम्हाला अजून कळलेलं नाही, एवढंच.

गाडी क्वालिस. २००३ सालची, एमएच-२२, म्हणजे परभणी जिल्ह्याचीच. टोयोटा-किर्लोस्करनं जानेवारी २००० मध्ये ती बाजारात आणली, बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यातून, आणि २००५ मध्ये इनोव्हा आल्यावर थांबवली. मूळ गाडी इंडोनेशियाची, तिकडचं नाव किजांग. इंजिन २,४४६ सीसीचं डिझेल, घाई न करणारं आणि न थकणारं. त्या पाच वर्षांत आमच्या भागात नवरदेव क्वालिसनं आला, पुढारी क्वालिसनं आले, पेशंट संभाजीनगरला क्वालिसनंच गेला. आता ह्या गाडीची कायद्यातली अवस्था बघा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणवून घ्यायला वाहनाला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मग नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, मान मिळतो, मिरवणुकीत जागा मिळते. माझ्या गाडीला हा मान २०५३ मध्ये मिळेल. तोवर ती नुसतं जुनं वाहन. पंधरा वर्षं झाली म्हणून नोंदणीचं नूतनीकरण करा, तपासणीला उभी करा, पर्यावरण कर भरा. ठेवा म्हणून जपायला पन्नास वर्षं आणि अपराधी ठरायला पंधरा. मधल्या पस्तीस वर्षांत गाडीनं आणि मालकानं काय करायचं, ह्याची तरतूद कुठल्याही नियमात नाही. ह्याच पस्तीस वर्षांत फॅन क्लच जातो.

लक्षण काय होतं ते नीट ऐका, कारण सगळं प्रकरण लक्षणातच सुटायला हवं होतं. पाथरी कल्याण-निर्मल महामार्गावर आहे. एका बाजूला मानवत आणि परभणी, दुसऱ्या बाजूला ढालेगावला गोदावरी ओलांडली की माजलगाव. रस्ता मोकळा असला आणि गाडी ऐंशीनं पळत असली, की तापमानाचा काटा मध्यावर निश्चिंत. ऊसतोडीच्या दिवसांत मात्र पुढे डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर लागतो. त्याच्या मागं दहाच्या वेगानं चालायचं, ओव्हरटेक करायला जागा नाही, समोरून दुसरा ट्रॅक्टर. पाच मिनिटांत काटा उठायला लागतो. एसी गार हवा द्यायचं सोडून नुसती हवा देतो, मग कोमट हवा देतो. ट्रॅक्टर वळला, आपण वेग घेतला, की काटा आपोआप खाली.

रांगेतही हेच. साईबाबांचा जन्म पाथरीचा, असं आम्ही मानतो. जानेवारी २०२० मध्ये ह्याच प्रश्नावरून शिर्डी बंद राहिली होती, तेव्हा विषय किती नाजूक आहे हे तुम्हाला माहीत आहे. अशा परिस्थितीत शिर्डीच्या पार्किंगच्या रांगेत एमएच-२२ची गाडी बोनेट वर करून वाफा सोडत उभी राहणं, हा गावाच्या भूमिकेला पोचणारा धक्का आहे. मी तो सहन केला आहे. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी "कुठून आलात?" विचारलं तेव्हा मी परभणी सांगितलं, पाथरी नाही सांगितलं.

आता ह्या लक्षणाचा अर्थ सांगतो. गाडी पळत असते तेव्हा रेडिएटरमधून वारा आपला आपण जातो. पंख्याला जवळजवळ काम नसतं. गाडी हळू चालते किंवा उभी राहते तेव्हा वारा नाही, सगळा भार पंख्यावर. म्हणजे पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, असं असेल तर बोट पंख्याकडेच दाखवलं पाहिजे. रेडिएटर आतून बुजला असता तर गाडी उलट पळताना, चढावर, माणसं भरल्यावर तापली असती. एवढी साधी साक्ष गाडी रोज देत होती. ती कुणी नोंदवून घेतली नाही.

पहिली कारवाई रेडिएटरच्या झाकणावर झाली. झाकणातली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते आणि दाबाखालचं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, आणखी वर जातं. म्हणजे झाकण क्षुल्लक वस्तू नाही. पण निर्दोष होतं. बदललं. गाडी तापली.

मग थर्मोस्टॅट. आमच्याकडे थर्मोस्टॅट बदलत नाहीत, काढून फेकतात. "आपला देश गरम, त्याचं काय काम इथं?" असं मिस्त्री म्हणाले, आणि अर्ध्या मराठवाड्यातल्या गाड्या ह्या एका वाक्यावर थर्मोस्टॅटविना धावत आहेत. ह्या विषयावर मला शांत राहता येत नाही. इंजिन थंड ठेवायचं नसतं, ठरावीक गरम ठेवायचं असतं. ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास ऑईल बरोबर पातळ होतं, डिझेल नीट जळतं, सुटे भाग आपापल्या मापावर येतात. थर्मोस्टॅट काढला की सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ते झिजत राहतं. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूनं बायपासचं भोक बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परत जातं. म्हणजे गार होण्यासाठी काढलेल्या वस्तूमुळे गाडी आणखी तापू शकते. मी नवीन थर्मोस्टॅट बसवायचा आग्रह धरला. मिस्त्रींनी तो बसवला, पण बसवताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आहेर म्हणून काहीतरी निरुपयोगी वस्तू घेऊन आलोय. गाडी तापली.

नंतर रेडिएटर उतरला. टाकी उघडली, नळ्यांमधून सळई फिरवली, आणि कारागिरानं तळहातावर चिखल घेऊन मला दाखवला. तो दाखवण्याचा आविर्भाव पंचनाम्यातला होता. अहो, वीस वर्षांच्या कुठल्याही रेडिएटरमधून चिखल निघणारच! आमच्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं. क्षार साचतात, गंज सुटतो. चिखल निघाला हे खरं, पण चिखल हा पुरावा नव्हता. गाडी तापली.

आणि मग वॉटर पंप. इथे कप खाली ठेवा, कारण इथून पुढचं ऐकताना हात थरथरतो. ह्या इंजिनात पंख्याचा क्लच वॉटर पंपाच्या तोंडावरच चार नटांनी बसवलेला असतो. पंप काढायचा तर आधी पंखा आणि क्लच उतरवावा लागतो. म्हणजे खरा गुन्हेगार त्या दिवशी रीतसर ताब्यात आला होता. त्याला हातात घेतलं गेलं. त्याच्या तोंडावर तेलाचा काळपट थर आणि त्यावर चिकटलेली धूळ होती; हाच तो एकमेव पुरावा, ह्याच्याबद्दल पुढे सांगतो. आणि गॅरेजमधल्या पोरानं, चांगल्या मनानं, डिझेलात फडकं बुडवून तो पुरावा पुसून लख्ख केला. क्लच जमिनीवर आडवा ठेवला. नवीन पंप बसवला, त्यावर तोच क्लच, तोच पंखा, सन्मानानं. पंपाचे पैसे मी दिले. गाडी तापली.

शेवटी ते वाक्य आलं, जे ऐकल्यावर जुन्या डिझेल गाडीचा मालक घरी फोन लावतो: "हेड उचलावं लागंल." हेड गॅस्केट गेलं असतं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले असते, ऑईल दुधाळ झालं असतं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली असती, कुलंट कुठंही न गळता कमी झालं असतं. ह्यांपैकी काही नव्हतं. मी गाडी घरी आणली आणि पंख्याकडे वळलो.

फॅन क्लच म्हणजे काय, हे आधी सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी तेवढ्यात बिस्कीट घ्यावं. अँबॅसडर किंवा पद्मिनीत हा प्रकार नव्हता. पंखा पुलीला घट्ट, इंजिन फिरलं की पंखा फिरला. मारुती ८०० आली तेव्हापासून छोट्या गाड्यांत पंखा विजेवर गेला. पाणी तापलं की चालू, निवलं की बंद. मधे राहिल्या त्या सुमो-स्कॉर्पिओ-क्वालिससारख्या उभ्या इंजिनाच्या मोठ्या गाड्या. त्यांत पंखा इंजिनच फिरवतं, पण मधे एक गोल अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो. त्याच्या पाठीवर हवा लागावी म्हणून पाती, आणि पुढच्या तोंडावर घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पट्टी. ही पट्टी दोन धातूंची. रेडिएटरमधून गरम हवा आली की ती पीळ सोडते आणि आतली छोटी झडप उघडते. मग साठ्याच्या कप्प्यातलं सिलिकॉन तेल खाचा पाडलेल्या दोन चकत्यांच्या मधल्या फटीत शिरतं. चकत्या एकमेकींना शिवत नाहीत. मधलं घट्ट तेलच एकीचा जोर दुसरीला पोचवतं आणि पंखा पुलीच्या वेगाला जवळपास गाठतो. हवा निवली की झडप बंद, तेल परत कप्प्यात, पंखा सैल. ना वायर, ना सेन्सर. हे ज्यानं सुचवलं त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आदरच आहे.

हा खटाटोप कशासाठी, तर पंखा हा इंजिनाची ताकद खाणारा प्राणी आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. महामार्गावर, जिथे वारा फुकट आहे, तिथे पंखा जोरात फिरवणं म्हणजे डिझेल जाळून आवाज विकत घेणं. क्लच ही उधळपट्टी थांबवतो.

पण वीस वर्षांत त्याच्या बेअरिंगचं सील थकतं आणि तेल थेंबाथेंबानं बाहेर येतं. क्लचमध्ये तेल असतंच किती! टोयोटा ह्या तेलाची जी ट्यूब विकते ती अठरा मिलीलीटरची असते. खोकल्याच्या औषधाचे साडेतीन चमचे. त्यातलं थोडं जरी गेलं तरी चकत्यांमधली पकड जाते. आणि इथेच अन्यायाचं मूळ आहे. तेल गेलं तरी पंखा थांबत नाही. बेअरिंगच्या घर्षणानं, उरल्यासुरल्या तेलानं तो फिरतच राहतो. वेगानं फिरतो की नाही, ते डोळ्याला कळत नाही. पाती दिसेनाशी झाली म्हणजे पंखा जोरात आहे, असं आपण धरून चालतो. हजेरीपटावर रोज वेळेवर सही करणारा, टेबलावर फायली उघडून बसणारा आणि एकही प्रकरण निकाली न काढणारा कर्मचारी तुम्ही पाहिला असेल. त्याची बदली होत नाही, कारण तक्रार नेमकी कशाची करायची हेच सांगता येत नाही. जागेवर तर आहे.

"पंखा तर फिरायलाय की!" मी पहिल्यांदा क्लचचं नाव काढलं तेव्हा मिस्त्री हेच म्हणाले. त्यांचा मदतनीस हेच म्हणाला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं उठून येऊन बघितलं आणि हेच म्हणाला. तिघांचं एकमत झालं, आणि मी अल्पमतात गेलो.

म्हणून मी रीतसर तपासणी केली, आणि तिची पद्धत इथे देतो, उपयोगी पडेल. सकाळी, इंजिन गार, किल्ली खिशात. किल्ली खिशातच हवी, कारण घरात कुणालाही अचानक गाडी काढायची हुक्की येऊ शकते. पात्याला हातानं झोका द्यायचा. चांगला क्लच असेल तर पंखा जेमतेम फिरतो आणि थांबतो. आत कुणीतरी हळूच धरून ठेवल्याचं हाताला जाणवतं. माझा पंखा गरगरत राहिला. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो आणि तो निर्लज्जपणे फिरत राहिला. मग पात्याचं टोक धरून पुढं-मागं हलवलं. टोक हललं; म्हणजे बेअरिंगही ढिलं. मग गाडी पाऊण तास चालवली, काटा वर येईपर्यंत उभी करून चालू ठेवली आणि कान लावला. क्लच पकडतो तेव्हा पंख्याचा आवाज बदलतो, घोंघावत येतो, लांबूनही कळतो. काही आलं नाही. इंजिन बंद केलं. तापलेल्या इंजिनावर पंखा लगेच थांबायला हवा, तो इंजिनानंतरही चांगला वेळ रेंगाळला. शेवटचं, तेलाचा थर. पुसून टाकलेला पुरावा काही दिवसांत परत जमा झाला होता: पट्टीच्या भोवती चिकट काळी रेघ, मधून बाहेर पसरलेली, त्यावर पाथरीची धूळ. मी बोट फिरवलं आणि ते बोट तसंच घेऊन गॅरेजात गेलो.

(वर्तमानपत्राची गुंडाळी फिरत्या पंख्यात घालून तो थांबतो का बघायचं, अशी एक परीक्षा गॅरेजांत चालते. करू नका. पंख्याला कागद आणि मनगट ह्यांतला फरक कळत नाही.)

मिस्त्रींनी बोट बघितलं. माझा विजय झाला, असं तुम्हाला वाटेल. ते म्हणाले, "मंग डायरेक्ट करून टाकू. वेल्डिंगचे दोन टाके. आयुष्यात परत त्रास नाही." डायरेक्ट करणं ही आमच्याकडची राष्ट्रीय उपाययोजना आहे. जे यंत्र विचार करून काम करतं त्याचा विचार बंद करून टाकायचा. क्लचला टाके मारले की पंखा पुलीला कायमचा जखडतो. ट्रॉलीमागे गाडी गार राहील, मान्य. पण मोकळ्या रस्त्यावर इंजिन चार हजार फेऱ्यांवर गेलं की पंखाही त्याच प्रमाणात पळणार. चांगला क्लच एका वेगानंतर मुद्दाम घसरतो आणि पंख्याला वाचवतो; टाके मारलेला घसरत नाही. वीस वर्षांची प्लास्टिकची पाती, वर आमचं ऊन, आणि त्यांतलं एक पातं सुटलं तर समोर रेडिएटर आहे. पंपाचं नवंकोरं बेअरिंग, ज्याचे पैसे मी नुकतेच दिले होते, तेही ह्या भारानं लवकर जाणार. मायलेज उतरणार, आवाज वाढणार. मी हे सगळं सांगितलं. मिस्त्री ऐकून घेतात, हा त्यांचा मोठेपणा आहे. सगळं ऐकून म्हणाले, "मंग मारुतीचा करंटवाला पंखा टाकायचा का?"

भाग मिळवण्याचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझी सहनशक्ती संपली होती. दुकानात "क्वालिसचा फॅन क्लच" म्हटलं की काउंटरवरचा मुलगा आत जातो आणि क्लच प्लेट घेऊन येतो. ती नको म्हटलं की फॅन बेल्ट आणतो. परभणीत हे झालं, नांदेडलाही झालं. एका ठिकाणी क्लच निघाला, तोंडावर पट्टीऐवजी नुसती गुळगुळीत चकती, "तेच काम करतं साहेब." करत नाही. पट्टी नसली तर गरम हवा आली हे त्याला कळणार कसं? तुम्ही विचाराल, जुन्यातच तेल का भरलं नाही. भरता येतं, डबा स्क्रूंनी जोडलेला असतो, उघडून ट्यूबमधलं तेल घालून बंद करणारे हौशी लोक आहेत, आणि बेअरिंग चांगलं असेल तर ते वर्षानुवर्षं चालतंही. माझं बेअरिंग हलत होतं. ज्या सीलमधून जुनं तेल गेलं त्याच सीलमधून नवंही गेलं असतं.

अखेर बाहेरून मागवला. खोकं आलं ते आडवं आलं. फॅन क्लच उभा ठेवायचा असतो, गाडीत बसतो तसा. आडवा राहिला की तेल नको त्या कप्प्यात उतरतं आणि सीलवर टेकून बसतं. खोक्यावर बाण होता. बाण वर दाखवत होता. खोकं त्या बाणाला न जुमानता आडवं प्रवास करून आलं, आणि सही घेणाऱ्यानं मलाच विचारलं, "काका, ह्यात काचेचं काय हाय का?" मी क्लच बाहेर काढून रात्रभर कपाटात उभा ठेवला, पुस्तकांचा आधार देऊन. घरच्यांनी विचारलं तेव्हा तेल जागेवर येतंय असं सांगितलं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

बसवताना एक युक्ती आहे, ती लिहून ठेवा. चार नट सैल करायचे ते बेल्ट ताणलेला असतानाच, नाहीतर पुली सोबत फिरते आणि पान्याचा उपयोग होत नाही. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा. पान्याचा एक ठोसा जाळीला पुरतो. तुमची गाडी वेगळी असेल, एकच मोठा मधला नट असेल, तर आटे उलटे आहेत का ते आधी तपासा. काही जर्मन गाड्यांत असतात, आणि सवयीनं जोर लावला की सुटायच्या ऐवजी आवळत जातो.

पंखा बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंख्याभोवतीची प्लास्टिकची कडी, श्राउड, तिथे नाही. ही कडी पंख्याला रेडिएटरशी बांधून ठेवते. ती असली की पंखा सगळी हवा रेडिएटरमधूनच ओढतो, नसली की आजूबाजूची तीच गरम हवा परत परत घुसळतो. म्हणजे नवा क्लचही अर्ध्या पगारावर राबणार होता. चौकशी केली. वॉटर पंपाच्या वेळी कडी आडवी येत होती म्हणून काढली होती, आणि "न बसवता बी चालतंय" असा निर्णय माझ्या अपरोक्ष झाला होता. कडी गॅरेजच्या पत्र्यावर, ऊन खात, उलटी पडलेली सापडली. तिच्यात पावसाचं पाणी साचून वाळलेलं होतं. एक कान तुटला होता, तो पट्टीनं बांधून ती जागेवर गेली.

आता गाडी तापत नाही. ढालेगावच्या पुलावर, डबल ट्रॉलीच्या मागं, एसी चालू, काटा मध्यावर. निकाल माझ्या बाजूनं लागला. पण भरपाई मिळाली का? झाकण, रेडिएटरची सळई, वॉटर पंप, ह्यांचे पैसे परत कोण देणार? उलट नवीनच तक्रार दाखल झाली आहे, माझ्याविरुद्ध. नवा क्लच रात्रभर उभा राहिला की तेल चकत्यांमध्ये उतरून बसतं. सकाळी गाडी चालू केल्यावर पहिलं मिनिटभर पंखा पूर्ण जोरानं घोंघावतो, मग तेल कप्प्यात परत जातं आणि शांत होतो. हे निरोगीपणाचं लक्षण आहे. जुना क्लच सकाळी गप्प असायचा, कारण त्याच्यात घोंघावण्याइतकं तेलच नव्हतं. पण गल्लीला शांततेची सवय झालेली. रोज सकाळी समोरचे गुरुजी दात घासत फाटकाशी येतात आणि आस्थेनं विचारतात, "गाडीत बिघाड झालाय का काही?" मी रोज सांगतो की बिघाड होता तो गेला. ते मान हलवतात, त्यांना पटत नाही.

जुना क्लच मी मागून घेतला. मिस्त्री द्यायला तयार नव्हते. म्हणाले, "राहू द्या सर इथंच. मानवतची एक क्वालिस येणार हाय, तिचा जाम झालाय. हा तिला चालून जाईल, मस्त मोकळा फिरतोय." मी तो पिशवीत घातला आणि घरी आणला, माळ्यावर आहे, वर चिठ्ठी लावली आहे. मानवतचे ते मालक कोण, मला माहीत नाही. त्या बाजूला तुमचं जाणं-येणं असेल तर त्यांना एवढा निरोप द्या: गॅरेजातून गाडी घेताना इंजिन गार होऊ द्या, किल्ली खिशात ठेवा आणि पंख्याला एकदा हातानं झोका देऊन बघा. आणि श्राउड बसवलंय का तेही बघा. नसेल तर पत्र्यावर शोधायचं.